नीरोच्या पंगतीला : प्रस्तावना

१९९४ च्या नोव्हेंबरात चार दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. १९ तारखेला दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत ऐश्वर्या राय जगत्सुंदरी झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सुश्मिता सेनने विश्वसुंदरीचा मुकुट आणला होता. एका वर्षात दोन मुकुट घरी आले म्हणून देशाने त्या दोघींना डोक्यावर घेतले. २३ तारखेला नागपुरात हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला. आम्हाला अनुसूचित जमातीच्या सवलती द्या, एवढीच त्यांची मागणी होती. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ मोर्चा अडवला गेला, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि लेकरेच जास्त होती.

आज पन्नाशीच्या घरात असलेल्या कोणालाही १९९४ सालाबद्दल विचारा. मुकुट चटकन आठवतात. गोवारींचे नाव विदर्भाबाहेर फार थोड्यांना आठवते. झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव दिलेले आहे. दर २३ नोव्हेंबरला गावोगावचे गोवारी तिथे फुले वाहायला येतात. एरवी त्या पुलावरून हजारो गाड्या जातात आणि आपण नागपूरकर त्याला सरळ बर्डीचा पूल म्हणून मोकळे होतो.

यात कोणा सुंदरीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. एकवीस वर्षांच्या मुलीने स्पर्धा जिंकली, यात तिचा काय गुन्हा? प्रश्न पाहणाऱ्यांचा आहे. एकाच आठवड्यात दोन दिशांना पाहायची सोय होती आणि आपण एकाच दिशेला पाहिले. का पाहिले, कोणी पाहायला लावले आणि ख्रिस्ती म्हणवणाऱ्या माणसाला या पाहण्याचा जाब द्यावा लागेल की नाही, हा या पुस्तकाचा विषय आहे.

आणखी एक उदाहरण विदर्भातलेच आहे आणि या पुस्तकाचे नाव त्यातूनच आले. २००६ साली मुंबईत लॅक्मे फॅशन वीक भरला होता. ‘द हिंदू’ दैनिकात तेव्हा ग्रामीण घडामोडींचे संपादक असलेल्या पी. साईनाथ यांनी त्या आठवड्याचा हिशेब मांडला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे सोहळ्याची अधिकृत प्रवेशपत्रे मिळालेले पत्रकार होते ५१२ आणि विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांसाठी आलेले देशपातळीवरच्या माध्यमांचे पत्रकार होते जेमतेम सहा. त्या मंचावर मिरवले जात होते सुती कपडे. तो कापूस पिकवणारी माणसे तिथून विमानाने तासाभराच्या अंतरावर जीव देत होती.

तेव्हा इथे नेमके काय चालले होते ते थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. तिच्यात हजार दोष होते, चुकारे वेळेवर मिळत नसत, तरी भावाला काही एक आधार होता. २००५ च्या हंगामात क्विंटलमागे मिळणारा ५०० रुपयांचा आगाऊ बोनस सरकारने काढून घेतला. खर्च मात्र वाढत गेला होता. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पाहता पाहता पेरणी महागड्या पाकिटांवर येऊन ठेपली. शेती बहुतेक कोरडवाहू. पाऊस लांबला की दुबार पेरणी, म्हणजे पुन्हा पाकीट, पुन्हा उधारी. जुने कर्ज थकलेल्याला बँक दारात उभी करत नाही, म्हणून सावकार. त्यातून पऱ्हाटीवर बोंडअळी आली की वर्षाची मेहनत मातीत.

ज्यांनी असे घर आतून पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाव पडला की शेतकरी कापूस विकत नाही, घरात भरतो. बैठकीच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस चढतो. माणसे उरलेल्या कोपऱ्यात जेवतात आणि तिथेच निजतात. आज ना उद्या भाव वाढेल म्हणून महिने जातात. उन्हे तापली की त्या कापसात किडे होतात, घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते, लहान पोरे रात्रभर खाजवत रडतात. आणि शेवटी सावकाराचा तगादा येतो किंवा मुलीच्या लग्नाची तारीख येते, तेव्हा व्यापारी देईल तो भाव पदरात पाडून घ्यावा लागतो. ज्याला आपण पांढरे सोने म्हणतो त्याच्या शेजारी झोपणाऱ्याची ही अवस्था. फॅशनच्या मंचावर त्याच कापसाचे झुळझुळीत कापड चालत होते आणि ५१२ जण ते टिपून घेत होते.

नागपूर, यवतमाळ, अमरावतीच्या स्थानिक वार्ताहरांनी मात्र पाठ फिरवली नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. ते रोज गावांची नावे लिहीत होते, आकडे मोजत होते. त्या मोजण्यामुळेच विषय मुंबई-दिल्लीपर्यंत गेला. डिसेंबर २००५ मध्ये राज्य सरकारने १,०७५ कोटींचे पॅकेज जाहीर केले. २००६ च्या जूनअखेर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज दिले. त्या पैशाचे पुढे काय झाले हा वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे. इथे मुद्दा एवढाच की कोणीतरी टक लावून पाहिले तेव्हाच हालचाल झाली. ज्या दुःखाकडे कोणी पाहत नाही त्याच्यासाठी सरकारी तिजोरीही उघडत नाही.

साईनाथ यांच्या या कामावर दीपा भाटिया यांनी २००९ साली ‘नीरोज गेस्ट्स’ नावाचा माहितीपट केला. नावामागची हकीकत रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवली आहे. इसवी सन ६४ मध्ये रोम जळाले. नीरोवर संशय आला तेव्हा त्याने आळ ख्रिस्ती लोकांवर ढकलला. त्यांना जनावरांची कातडी पांघरवून कुत्र्यांपुढे टाकले, वधस्तंभावर चढवले आणि दिवस मावळल्यावर उजेडासाठी जिवंत जाळले. त्या तमाशासाठी नीरोने स्वतःच्या बागा खुल्या केल्या होत्या. साईनाथ म्हणतात, नीरो क्रूर होता हे जगाला ठाऊक आहे. मला कोडे पडते ते त्याच्या पाहुण्यांचे. शेजारी माणूस जळत असताना आणखी एक अंजीर तोंडात टाकता येते, ते मन कसले असेल?

साईनाथांनी ही गोष्ट देशातल्या सुखवस्तू वर्गासाठी सांगितली. ख्रिस्ती वाचकाला ती आणखी जवळून लागायला हवी. त्या बागेत जळत होते ते आपले होते. आपल्या विश्वासाच्या वंशावळीत ती माणसे पहिल्या ओळीत येतात. त्यांच्या रक्तावर मंडळी उभी राहिली असे आपण दर वर्षी उपदेशातून ऐकतो. आणि आज, दोन हजार वर्षांनी, आपण त्या बागेत कुठे आहोत याचा शोध घेतला तर आपली खुर्ची पाहुण्यांत सापडते. ताट वाढलेले आहे, समोर खेळ चालू आहे आणि उजेड कशाचा आहे हे विचारायला कोणाला सवड नाही. या पुस्तकातून मला जे एक सांगायचे आहे ते हेच.

नीरोबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तो नुसता जुलमी राजा नव्हता, त्याला रंगमंचाचे वेड होते. तो गायचा, वाद्य वाजवायचा, रथ हाकायचा. ग्रीसच्या दौऱ्यात ऑलिंपियाला दहा घोड्यांचा रथ हाकताना तो खाली पडला, शर्यत पुरी करू शकला नाही, तरी विजेता म्हणून मुकुट त्यालाच मिळाला. बागेतल्या त्या रात्रीही तो सारथ्याचा वेश करून लोकांत मिसळत होता. म्हणजे जळणारी माणसे आणि लाडका कलाकार एकाच अंगणात होते. लोकांनी कोणाकडे पाहावे याची व्यवस्था नीरोने केली होती. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांबद्दल तिळमात्र प्रेम नव्हते, पण तोसुद्धा लिहितो की एका माणसाच्या क्रौर्यासाठी हे लोक मारले जात आहेत असे पाहून गर्दीला त्यांची दया येऊ लागली. पाहुण्यांपैकी काहींची नजर खेळावरून हलली होती. आशेला तेवढी जागा मला पुरेशी वाटते.

पवित्र शास्त्र या बाबतीत काय शिकवते? लूककृत शुभवर्तमानात श्रीमंत माणूस आणि लाजर यांचा दाखला आहे. श्रीमंताच्या अंगावर जांभळी वस्त्रे, घरी रोजची मेजवानी. त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला एक भिकारी पडलेला. प्रभूने सांगितलेल्या दाखल्यांत माणसे पुष्कळ आहेत: पेरणारा, मेंढपाळ, उधळ्या मुलगा, शोमरोनी. त्यांपैकी कोणालाही नाव नाही. नाव आहे ते फक्त या भिकाऱ्याला. श्रीमंत मात्र शेवटपर्यंत निनावीच राहतो. आपल्या वर्तमानपत्रात नेमके उलटे असते. मेजवानी देणाऱ्याचे नाव, त्याच्या बायकोच्या साडीचे वर्णन, आलेल्या पाहुण्यांची यादी, सारे छापून येते. दाराशी मेलेल्याची बातमी ‘एका इसमाचा मृत्यू’ एवढ्यावर भागते. त्या दाखल्यातल्या श्रीमंताने लाजराला कधी मारले नाही, हाकलले नाही, शिवीही दिली नाही. तो रोज त्याच दारातून ये-जा करत होता आणि त्याने पाहिले नाही, एवढाच त्याच्यावरचा आरोप. तेवढ्यावर त्याचा निकाल लागतो.

दुसरा प्रसंग यरीहोच्या रस्त्यावरचा. येशूभोवती तोबा गर्दी आहे. रस्त्याच्या कडेला बसलेला आंधळा बार्तीमय ओरडतो आणि गर्दी त्याला गप्प बसवते. ही गर्दी दुष्ट नाही, भाविक आहे. आपल्या आवडत्या गुरूला जवळून पाहायला ती आली आहे आणि मध्येच एक भिकारी घोळ घालतो आहे, इतकेच. येशू थांबतो आणि ज्यांनी त्याला गप्प केले त्यांनाच त्याला बोलावून आणायला सांगतो. भक्तांच्या गर्दीला प्रभूने दिलेला हा पहिला हुकूम आहे असे मी मानतो: माझ्याकडे पाहत उभे राहू नका, ज्याला तुम्ही गप्प केले त्याला घेऊन या. योहान आणखी पुढे जातो. पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक येशूला राजा करायला निघाले, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला. प्रसिद्धी त्याच्या मागे धावत होती आणि त्याने पाय काढला. याकोबाचे पत्र तर सभेतल्या बैठकव्यवस्थेवरच बोट ठेवते: अंगठी घातलेला आला की मानाची जागा आणि फाटक्या कपड्यांतला आला की पायाशी बस, असे कराल तर तुम्ही वाईट न्यायाधीश झालात.

आणि जन्माची वार्ता? ती प्रथम मिळाली रानात रात्रपाळीने कळप राखणाऱ्यांना. हेरोदाच्या वाड्यातल्या कोणालाही ती आधी कळली नाही. गोवारी हा गुरे राखणारा समाज आहे. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधनाच्या वेळी विदर्भातल्या गावागावांत तो नाचतो. नाताळच्या कार्यक्रमात आपली मुले डोक्याला पंचा बांधून, हातात काठी घेऊन मेंढपाळ होतात आणि आपण कौतुकाने टाळ्या वाजवतो. खरे गुराखी ११४ च्या संख्येने आपल्या शहरात मेले त्याची आठवण आपल्या किती उपासनांत केली जाते, हे प्रत्येक मंडळीने स्वतःला विचारावे. २३ नोव्हेंबर आणि नाताळ यांत महिन्याचेच अंतर आहे.

इथे एक आक्षेप येणार आणि तो रास्त आहे. कीर्ती वाईटच असते का? तसे मी म्हणत नाही. पंडिता रमाबाई त्यांच्या काळातल्या कीर्तिमान स्त्री होत्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, पुढे अमेरिकेत त्यांच्या व्याख्यानांना सभागृहे भरत. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या मुलखात, भयंकर दुष्काळ पडला. १८९७ च्या जूनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचा हीरक महोत्सव देशभर दिवे लावून साजरा झाला. रमाबाई मात्र त्याआधीच मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा गोळा करून आपल्याकडे घेऊन आल्या होत्या. केडगावचे मुक्ती सदन या मुली आणि विधवांमुळे भरले. रमाबाईंनी स्वतः तरुणपणी अन्नावाचून आई, वडील आणि बहीण गमावली होती. आपल्या नावावर पडलेला उजेड त्यांनी वळवून दुसऱ्यांच्या तोंडावर टाकला. कीर्तीचा ख्रिस्ती उपयोग मला माहीत आहे तो असा.

नागपूरलाही असा एक माणूस लाभला होता. हिस्लॉप कॉलेजमुळे स्टीफन हिस्लॉप यांचे नाव इथे सर्वांच्या तोंडी आहे. पण या स्कॉटिश मिशनऱ्याने गोंड आणि इतर आदिवासींच्या चालीरीती, भाषा आणि गाणी कष्टाने टिपून ठेवली हे थोड्यांना ठाऊक असते. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळ पूर आलेला नाला ओलांडताना ते बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. ज्या माणसांबद्दल दरबारात कोणी बोलत नव्हते त्यांच्या झोपडीपुढे बसून त्यांचे ऐकणे, हीच त्यांची साधना होती.

कीर्तीला लाथाडणारेही आपल्याच मातीत झाले. अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घेत आणि पाया पडायला येणाऱ्याला फटकारत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावून सांगितले की धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल, राजकारणात विभूतिपूजेने अधःपातच होतो. बाबासाहेबांनी हे राजकारणापुरते सांगितले. आता सिनेमा, क्रिकेट, दूरचित्रवाणी आणि मोबाइलवरचे तारे असा त्या पूजेचा विस्तार झाला आहे.

आणि चाहत्यांना मूर्ख ठरवून मोकळे होणेही मला पटत नाही. दिवसभर उन्हात निंदण करून आलेली बाई रात्री मालिका बघते, तिला ते दोन तास दुसऱ्या कोणाचे आयुष्य जगता येते. ज्या पोराला गावात कोणी नावाने हाक मारत नाही तो खेळाडूचे नाव पाठीवर छापून फिरतो. त्याच्या त्या वेडामागे, माझ्याकडेही कोणीतरी पाहावे, ही भूक आहे. मंडळीने ती भूक ओळखली असती तर त्याला पोस्टरापाशी जाऊन भागवावी लागली नसती. ज्यांच्यावर हे वेड जडते त्यांनाही ते मानवते असे नाही. ३१ ऑगस्ट १९९७ ला पॅरिसमध्ये डायना गेली तेव्हा छायाचित्रकार तिच्या गाडीचा पाठलाग करत होते. एड्सच्या रुग्णाचा हात मोकळ्या हाताने धरणारी डायना जगाला भावली होती, पण जगाने खरेदी केले ते तिचे फोटो. तो रुग्ण कोण होता हे किती जणांनी विचारले?

कधी कधी प्रसिद्धी दुःखितालाच गाठते आणि त्याचेही भले होत नाही. जुलै २००८ मध्ये लोकसभेतल्या विश्वासदर्शक ठरावावर बोलताना राहुल गांधींनी यवतमाळ जिल्ह्यातल्या जळका गावच्या एका शेतकरी विधवेचे नाव घेतले. दुसऱ्या दिवसापासून कॅमेऱ्यांची रांग त्या घरापुढे लागली. मदतही आली, ती चांगलीच गोष्ट झाली. पण त्याच तालुक्यातल्या, त्याच वर्षी विधवा झालेल्या दुसऱ्या बायकांकडे गाडी वळली नाही, कारण त्यांचे नाव सभागृहात उच्चारले गेले नव्हते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नागपूरजवळ जामठ्याच्या नव्या स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी झाली, सौरव गांगुलीची ती शेवटची कसोटी. वर्धा रोडवर गाड्यांची रीघ लागली. जामठ्यापाशी गाड्या वळतात आणि रस्ता मात्र तसाच पुढे त्या कापसाच्या मुलखात, हिंगणघाट, पांढरकवड्याला जातो. मला क्रिकेट आवडते. पण तो रस्ता जामठ्याला संपत नाही, हे लक्षात ठेवावे असे वाटते.

२०२० साली तर हिशेब उघडच झाला. मे महिन्यात औरंगाबादजवळ करमाडला पायी गावी निघालेले १६ मजूर रुळावर झोपले असताना मालगाडीखाली गेले. चार दिवस हळहळ झाली. जूनमध्ये सुशांतसिंह राजपूत या तरुण नटाने आयुष्य संपवले आणि त्याच्या मृत्यूचा खेळ वाहिन्यांनी महिनोन्‌महिने चालवला. त्याचे दुःख खरे होते आणि ते पाहिले जायला हवे होते. वाहिन्यांनी ते पाहिले नाही, विकले. त्याच वर्षी शेतीवर जगणाऱ्या १०,६७७ लोकांच्या आत्महत्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने केली आणि त्यात महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. तशाच प्रकारे गेलेल्या या माणसांसाठी रात्री नऊच्या चर्चेत खुर्ची नव्हती.

आता आपल्या घरात डोकावू. आपल्या मंडळ्यांत प्रमुख पाहुणे नावाची एक व्यवस्था आहे. नाताळचा कार्यक्रम असो वा शाळेचे स्नेहसंमेलन, पुढच्या रांगेत गादीच्या खुर्च्या, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. नगरसेवक तासभर उशिरा येतो आणि तोवर गाणारी मुले थंडीत ताटकळतात. उपचारसभांच्या फ्लेक्सवर प्रचारकाचा चेहरा वधस्तंभापेक्षा मोठा असतो. यूट्यूबवरच्या वक्त्यांचे चाहते वाद घालतात की कोणाचा उपदेश भारी. त्याच मंडळीत मागच्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्या बाईचे औषध महिनाभर बंद आहे, हे पाळकांना अनेकदा तिच्या अंत्यविधीच्या वेळी कळते. याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले. या शहरात आपली महाविद्यालये, शाळा, दवाखाने आहेत. साधनांची वाण नाही. वाण आहे ती मागच्या बाकाकडे वळणाऱ्या मानेची.

पुस्तकाची रचना साधी आहे. पहिल्या भागात शास्त्रातले दहा प्रसंग आहेत, ज्यांत गर्दी एकीकडे पाहते आणि प्रभू दुसरीकडे. दुसऱ्या भागात विदर्भ आणि मध्य प्रांताच्या गेल्या दीडशे वर्षांतले सोहळे आणि त्याच काळातल्या आपत्ती शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. तिसरा भाग मंडळीच्या व्यवहारावर आहे: कार्यक्रमाची पत्रिका, दानाचा हिशेब, प्रार्थनेतली नावे, मोबाइलवर जाणारा वेळ. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत. हे पुस्तक एकट्याने वाचण्यापेक्षा उपवासकाळात घरोघरच्या प्रार्थनासभांत वाचावे या हेतूने लिहिले आहे. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही यात परके वाटू नये याची काळजी घेतली आहे, कारण नीरोच्या पंगतीला सगळ्याच धर्मांची माणसे बसलेली आहेत.

शेवटी एक विनंती. १९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवले. सरपंच राहिलेला माणूस शेती करून जगू शकत नाही असे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले, किंवा पाहायला हवे होते. अमर हबीब यांच्या पुढाकाराने किसानपुत्र आंदोलनाने २०१७ पासून त्या दिवशी अन्नत्याग करायला सुरुवात केली. गावोगावचे, शहरांतले लोक आपापल्या जागी एक दिवस जेवत नाहीत. १९ मार्च ही तारीख कोणत्याही वर्षी आपल्या उपवासकाळातच येते आणि कॅथलिक पंचांगात तो नाझरेथच्या कष्टकरी योसेफाचा सण आहे. आपण चाळीस दिवस उपवास करतोच. येत्या १९ मार्चला त्यातला एक दिवस या शेतकऱ्यांच्या नावे करावा, त्या दिवशी जेवणाचा आणि मोबाइलचा जो वेळ वाचेल तो आपल्या तालुक्यातल्या अशा एका घरी जाऊन घालवावा आणि पुढच्या रविवारच्या प्रार्थनेत त्या घरातल्या माणसांची नावे घ्यावीत. एवढे केल्यावर पुस्तक पुरे वाचले नाही तरी माझी तक्रार नाही.

नागपूर
— लेखक